जुन्या सर्व्हरवरचे साठवलेले ईमेल नव्या सर्व्हरवर नेताना तारखा, फोल्डर आणि खुणा कशा टिकवाव्यात?

निळीशाई यांचा प्रश्न

आमच्या छोट्या प्रकाशन गटाची ईमेल खाती आजवर एका होस्टिंग सेवेच्या सर्व्हरवर होती. आता ती डव्हकॉट या मेल-सर्व्हर प्रोग्रामवर चालणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची आहेत. नव्याने येणारे मेल नव्या सर्व्हरकडे वळवण्याचे काम मला जमेल; अडचण आहे ती जुन्या साठ्याची. लेखकांशी झालेला पत्रव्यवहार, करारांचे मसुदे, मुद्रितांवरच्या दुरुस्त्या हे सगळे आम्हाला पुन्हा पुन्हा शोधावे लागते, आणि अमुक मसुदा कोणत्या दिवशी हाती आला हे कित्येकदा त्यातल्या मजकुराइतकेच महत्त्वाचे ठरते.

साठा तीन ठिकाणी विखुरलेला आहे. बराचसा भाग जुन्या सर्व्हरवरच आहे आणि आम्ही तो थंडरबर्ड या मेल-प्रोग्राममधून आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून, पाहतो. एका सहकाऱ्यांनी पूर्वी पॉपने मेल उतरवून घेतले होते. ते आउटलुकच्या एका मोठ्या पीएसटी फाइलमध्ये आहेत आणि सर्व्हरवर त्यांची प्रत नाही. शिवाय थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये मी वेळोवेळी हलवलेले काही फोल्डर आहेत.

चाचणी म्हणून एका फोल्डरमधले सगळे मेल निवडून मी ते एका मेल-क्लायंटमधून (मेल पाहण्याच्या प्रोग्राममधून) नव्या खात्यात ओढून टाकले. थंडरबर्डमध्ये त्यांच्या तारखा बरोबर दिसतात, परंतु नव्या सर्व्हरच्या वेबमेलमध्ये आणि फोनवर ते सगळे मेल आजच आल्यासारखे एकत्र वर येतात. मेल तेच, मग तारखा दोन कशा? आणि वाचलेले-न वाचलेले, उत्तर दिलेले, तारांकित केलेले या खुणांसह हा सगळा साठा सुखरूप नेण्याचा खात्रीचा मार्ग कोणता?

टपालवाट यांचे उत्तर

प्रत्येक मेलला खरोखरच दोन तारखा असतात. एक तारीख पाठवणाऱ्याच्या बाजूने मेलच्या हेडरमध्ये (वरच्या तपशील-ओळींत) लिहिली जाते आणि ती मेलच्या मजकुराचाच भाग असल्यामुळे मेल कोठेही गेला तरी त्याच्याबरोबर जाते. दुसरी तारीख सर्व्हर स्वतःच्या नोंदीत ठेवतो. हा मेल आपल्याकडे कधी दाखल झाला, एवढेच ती सांगते. आयमॅपच्या भाषेत तिला 'इंटर्नल डेट' म्हणतात आणि ती मेलच्या आत कोठेही लिहिलेली नसते. एखादा क्लायंट आयमॅपच्या 'अपेंड' आज्ञेने सर्व्हरवर मेल ठेवतो तेव्हा ही दाखल-तारीख सोबत देण्याची सोय असते, पण सक्ती नसते. ती दिली नाही तर सर्व्हर त्या क्षणाची वेळ नोंदवून मोकळा होतो. आपल्या चाचणीत नेमके हेच घडलेले दिसते. थंडरबर्ड हेडरमधली तारीख दाखवतो, तर आपले वेबमेल आणि फोन दाखल-तारखेनुसार क्रम लावत असावेत. मेलना काहीही इजा झालेली नाही. तरी तो चाचणीचा फोल्डर पुसून टाका आणि पुन्हा योग्य रीतीने न्या, कारण एकदा चुकलेली दाखल-तारीख आयमॅपमधून नंतर बदलता येत नाही.

योग्य रीत म्हणजे क्लायंटला मध्ये न घेता दोन सर्व्हरमध्येच थेट देवाणघेवाण घडवणे. माझे मत या बाबतीत ठाम आहे: ज्या साठ्याची मूळ प्रत अजून आयमॅप सर्व्हरवर जिवंत आहे, तो साठा फायलींच्या रूपात बाहेर काढून पुन्हा आत घालण्याच्या वाटेला जाऊ नये. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये काय टिकते आणि काय गळते हे त्या त्या प्रोग्रामच्या मर्जीवर असते. आयमॅपमध्ये मात्र वाचलेला, उत्तर दिलेला, तारांकित, मसुदा या खुणा ठरावीक नावांनी नोंदवलेल्या असतात आणि दोन्ही सर्व्हरना त्या सारख्याच समजतात.

या कामासाठी 'आयमॅपसिंक' हा प्रोग्राम बराच वापरात आहे. तो दोन्ही खात्यांत स्वतः लॉगिन करतो, एकेका फोल्डरमधल्या मेलची यादी करतो आणि पलीकडे जे नाही तेवढेच नेतो. खुणा आणि दाखल-तारखा तो आपण न सांगताही जपतो. मध्येच जोडणी तुटली तर तीच आज्ञा पुन्हा द्यावी. झालेले काम तो पुन्हा करत नाही. सुरुवात मात्र 'ड्राय' पर्यायाने करा. त्यात एकही मेल हलत नाही, पण कोणता फोल्डर कोणत्या नावाने कोठे जाणार आहे हे आधीच डोळ्यांखालून घालता येते. खात्यांचे पासवर्ड थेट आज्ञेत लिहू नका, कारण त्या संगणकावरच्या इतर वापरकर्त्यांना चालू प्रक्रियांच्या यादीत ते दिसू शकतात. पासवर्डची वेगळी फाइल देण्याची सोय त्यात आहे.

त्या चाचणी-धावेत दोन गोष्टी बारकाईने पाहा. काही सर्व्हर उपफोल्डरचे नाव टिंबाने जोडतात, तर काही तिरप्या रेघेने. शिवाय काही सर्व्हरवर सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात असतात, तर काहींवर त्याच्या शेजारी. प्रोग्राम हे बहुतेक वेळा स्वतःच ओळखून रूपांतर करतो, पण एखाद्या फोल्डरच्या नावातच टिंब असेल तर तेथे घोटाळा होण्याची शक्यता असते. दुसरी गोष्ट पाठवलेले, मसुदे आणि कचरा या खास फोल्डरांची. जुन्या सर्व्हरवर 'सेंट आयटम्स' आणि नव्यावर नुसते 'सेंट' असेल, तर सांगितल्याशिवाय दोन्ही वेगवेगळे फोल्डर तयार होतात आणि पाठवलेल्या पत्रांची दोन दप्तरे होऊन बसतात. 'ऑटोमॅप' हा पर्याय त्यासाठीच आहे.

कामाचा क्रम असा ठेवा, की पहिली मोठी नक्कल मेल वळवण्याच्या काही दिवस आधीच होऊन जाईल. त्याच सुमारास आपल्या डोमेनच्या एमएक्स नोंदीचा (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो अवधी, ३०० सेकंदांच्या आसपास आणा, म्हणजे पत्ता बदलल्याची वार्ता लवकर पसरते. एमएक्स बदलल्यानंतरही काही मेल जुन्याच दारी येत राहतात, म्हणून एक-दोन दिवसांनी तीच आज्ञा पुन्हा चालवायची. उरलेसुरले मेल तेवढ्यात येतात. या शेवटच्या फेरीत जुन्या खात्यात नसलेले मेल नव्या खात्यातून पुसणारा पर्याय चुकूनही देऊ नका. तोवर नव्या सर्व्हरवर ताजे मेल थेट येऊ लागलेले असतात आणि जुन्या सर्व्हरला त्यांची काहीच माहिती नसते, त्यामुळे तो पर्याय नेमके तेच मेल पुसून टाकेल.

दप्तरदार यांचे उत्तर

टपालवाट यांच्या मताशी मी सहमत आहे. मात्र त्यांचे उत्तर साठ्याच्या पहिल्या भागाला लागू पडते. उरलेल्या दोन भागांना फायलींच्या वाटेनेच जावे लागणार, म्हणून त्याविषयी लिहितो.

आधी पीएसटी. ही फाइल म्हणजे मूळ मेल एकाखाली एक लिहून ठेवलेली वही नव्हे. आउटलुक मेलचे तुकडे करून पाठवणारा, विषय, मजकूर, जोडलेल्या फायली असे ते गुणधर्म म्हणून वेगवेगळे साठवतो. त्यामुळे पीएसटीतून मेल बाहेर काढताना कोणताही प्रोग्राम त्या तुकड्यांपासून मेल नव्याने रचत असतो. माणसाला दिसणारा मजकूर तोच राहतो, पण अक्षरन् अक्षर मूळ मेल परत मिळेलच असे नाही. हेडरमधली डिजिटल स्वाक्षरी पुढे कधी तपासून पाहावी लागणार असेल, तर पीएसटीतून आलेल्या प्रतीवर ती जुळेल असे धरून चालू नका आणि मूळ पीएसटी फाइलही जपून ठेवा.

फाइल किती जुनी आहे तेही पाहा. आउटलुक २००३च्या आधीच्या पीएसटीचा जुना प्रकार २ जीबीपर्यंतच वाढू शकत असे, आणि त्या मर्यादेला टेकलेल्या फायली बिघडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तशी असेल तर आधी तिची प्रत करा आणि आउटलुकबरोबर येणारे दुरुस्तीचे साधन त्या प्रतीवर चालवा, मूळ फाइलवर नाही. सहकाऱ्यांकडे पीएसटीऐवजी ओएसटी फाइल निघाली तर सावध व्हा: ओएसटी ही सर्व्हरवरच्या खात्याची स्थानिक प्रत असते, ती त्या खात्याशी बांधलेली असते आणि खाते बंद झाल्यावर दुसऱ्या संगणकावर ती सहजासहजी उघडत नाही.

पीएसटी नेण्याचे दोन मार्ग आहेत. सहकाऱ्यांच्या आउटलुकमध्ये नवे खाते आयमॅपने जोडून एकेक फोल्डर कॉपी करणे हा सोपा मार्ग, पण आपण पाहिलेला तारखांचा घोळ त्यात पुन्हा उद्भवू शकतो. मी 'रीडपीएसटी' हा प्रोग्राम सुचवेन. तो फोल्डरांची रचना कायम ठेवून पीएसटीतले मेल एमबॉक्स फायलींमध्ये (एका फोल्डरची एक मजकूर-फाइल), किंवा सांगितल्यास एका मेलची एक फाइल अशा रीतीने, बाहेर काढतो. त्या फायली नव्या सर्व्हरवर थेट डव्हकॉटच्या 'डव्हएडीएम इम्पोर्ट' या आज्ञेने आत घेता येतात. नव्या सर्व्हरचे प्रशासन आपल्याच हाती असेल तर ही सोय जरूर वापरा. पहिल्यांदा एका लहान फोल्डरवर चालवून वेबमेलमध्ये तारखा कशा दिसतात ते तपासा आणि मगच पुढे जा.

आता लोकल फोल्डर्स. थंडरबर्ड ते सहसा एमबॉक्समध्येच ठेवतो, म्हणजे संपूर्ण फोल्डरची एकच लांबलचक मजकूर-फाइल असते. शेजारी 'एमएसएफ' या शेपटीची एक छोटी फाइल दिसेल, ती केवळ सूची आहे. ती न्यायची गरज नाही, थंडरबर्ड ती पुन्हा बनवू शकतो. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. थंडरबर्डमध्ये मेल पुसला तरी तो एमबॉक्समधून लगेच जात नाही. त्यावर पुसल्याची खूण तेवढी होते आणि फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच तो खरोखर निघतो. ती खूण इतर प्रोग्रामना सहसा कळत नाही. त्यामुळे कॉम्पॅक्ट न करता एमबॉक्स दुसरीकडे नेला, तर वर्षानुवर्षे पुसलेले सगळे मेल नव्या घरी पुन्हा हजर होतात. म्हणून आधी प्रोफाइलची संपूर्ण प्रत, मग कॉम्पॅक्ट, आणि मग स्थलांतर, हा क्रम चुकवू नका.

एमबॉक्समध्ये एक मेल कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे 'फ्रॉम' हा शब्द आणि त्यामागची मोकळी जागा यांनी सुरू होणाऱ्या ओळीवरून ठरते. कोणी पत्रातच या शब्दाने ओळ सुरू केली तर गोंधळ नको म्हणून तिच्यापुढे 'पेक्षा मोठे' हे चिन्ह घातले जाते, आणि परत काढताना ते हटवायचे की नाही यावर निरनिराळ्या प्रोग्रामांचे एकमत नाही. आपल्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार असेल तर एखाद्या जुन्या पत्रात ओळीच्या सुरुवातीला असे उपरे चिन्ह आढळू शकते. एक मेल मध्येच तुटून त्याचे दोन झालेले दिसले, तरी कारण बहुधा हेच असते. एमबॉक्स फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून साठवण्याचा मोह टाळा. अक्षरांचे संकेतन बदलले तर देवनागरी मजकूर हकनाक बिघडेल.

फायली पेनड्राइव्हवरून न्यायच्या असतील, तर तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही ना ते पाहून घ्या. त्यावर ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही, आणि जुना एमबॉक्स किंवा पीएसटी ही मर्यादा सहज ओलांडतो.

निळीशाई

दोघांचेही मनापासून आभार. चाचणीचा फोल्डर पुसला आणि 'ड्राय' धाव घेतली. पाठवलेल्या मेलचे दोन फोल्डर होणार होते, ते ऑटोमॅपने सावरले.

दरम्यान जुन्या होस्टिंग सेवेच्या नियंत्रण-पटलावरून मी खात्याची संपूर्ण बॅकअप फाइलही उतरवून घेतली. विंडोज संगणकावर ती उघडली तेव्हा मात्र काळजी वाटू लागली. 'करारपत्रे', 'मुद्रिते' अशा देवनागरी नावांच्या फोल्डरांच्या जागी 'आणि' या अर्थाच्या चिन्हाने सुरू होणारी रोमन अक्षरांची अगम्य माळ दिसते, आणि प्रत्येक मेलच्या फाइलचे नाव आकड्यांचे, त्यात अधूनमधून विचित्र चिन्हे. बॅकअप बिघडला आहे का?

टपालवाट

बॅकअप बिघडलेला दिसत नाही. तो आपण ज्या रीतीने उघडला तीत मात्र एक धोका आहे.

ती अगम्य माळ म्हणजे आपलीच देवनागरी नावे आहेत. आयमॅप घडला त्या काळात फोल्डरच्या नावात साधी रोमन अक्षरेच चालत, म्हणून इतर लिप्यांतील नावांसाठी 'मॉडिफाइड यूटीएफ-७' नावाचे संकेतन ठरवण्यात आले. २००३च्या आयमॅप मानकातही तेच कायम राहिले. २०२१ साली आलेल्या सुधारित आवृत्तीत नावे सरळ यूटीएफ-८मध्ये देण्याची तरतूद झाली. क्लायंट ही माळ उलगडून आपल्याला 'करारपत्रे' दाखवतो, पण सर्व्हरच्या डिस्कवर ती पुष्कळदा सांकेतिक रूपातच असते. तेव्हा त्या फोल्डरांची नावे हाताने 'दुरुस्त' करू नका.

आपण वर्णन केलेली रचना मेलडिर या पद्धतीची आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी ती क्यूमेल या आपल्या मेल-सर्व्हरसाठी आणली. तीत प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक फोल्डरच्या आत 'टीएमपी', 'न्यू' आणि 'कर' असे तीन कप्पे असतात. मेलवरच्या खुणा फाइलच्या नावातच, अगदी शेवटी, विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर येतात: तेथे एस हे अक्षर असेल तर मेल वाचलेला, आर असेल तर उत्तर दिलेला, एफ असेल तर तारांकित. विंडोजवर फाइलच्या नावात ही दोन टिंबे चालत नाहीत. म्हणून फाइल सोडवणारा प्रोग्राम त्यांच्या जागी दुसरे काहीतरी घालतो, किंवा ती फाइल गाळतो. असे नाव बदललेले मेल सर्व्हरवर ठेवले, तर खुणा हरवतात आणि सगळा साठा न वाचलेला म्हणून उभा राहतो.

म्हणून ती संकुचित बॅकअप फाइल आहे तशीच, न सोडवता, जपून ठेवा. गरज पडलीच तर लिनक्स संगणकावर सोडवा आणि फायलींच्या बदल-वेळा कायम राहतील अशा रीतीने कॉपी करा, कारण मेलडिर साठ्यात डव्हकॉट दाखल-तारीख फाइलच्या बदल-वेळेवरूनच घेतो. एरवी आपल्याला तिची गरज पडू नये. आयमॅपसिंकने आणलेली प्रत हीच आपली कामाची प्रत आणि हा बॅकअप अडीअडचणीसाठी.

संध्यालेख

या विषयाला जोडूनच विचारतो. मला जीमेलमधला जुना साठा अशाच दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचा आहे. रीत हीच चालेल का?

दप्तरदार

रीत हीच, पण जीमेलमध्ये फोल्डर नसून लेबले असतात हे लक्षात घ्या. एका मेलला तीन लेबले लावलेली असतील, तर आयमॅपमधून तो तीन फोल्डरांत आणि शिवाय 'ऑल मेल'मध्ये दिसतो. सगळे फोल्डर सरसकट नेले तर नव्या सर्व्हरवर त्याच्या तितक्या प्रती होतात आणि जागा फुगते. 'ऑल मेल' वगळून फक्त लेबले न्यायची, तर एकही लेबल नसलेले, संग्रहात टाकलेले मेल मागे राहतात. माझी पसंती अशी, की 'ऑल मेल' एका संग्रह-फोल्डरमध्ये पूर्ण न्यावा आणि लेबले खरोखर वापरात असतील तेवढीच वेगळी न्यावीत.

गूगल आयमॅपने दिवसाला सुमारे २५०० एमबी उतरवू देते आणि ५०० एमबी चढवू देते. त्यापुढे खाते काही काळ अडवले जाते. म्हणून मोठा साठा काही दिवसांत विभागून न्यावा लागतो. नेहमीच्या पासवर्डने लॉगिनही होणार नाही; द्विस्तरीय पडताळणी सुरू करून 'ॲप पासवर्ड' घ्या किंवा ओऑथ (पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) वापरा.

निळीशाई

सर्व्हरवरचा साठा नव्या ठिकाणी पोहोचला. तारखा वेबमेलमध्ये आणि फोनवरही बरोबर आहेत, खुणाही आल्या आहेत. परंतु फोल्डरनिहाय मोजणी केली तेव्हा बाकी सगळीकडे आकडे जुळतात आणि पाठवलेले, मसुदे व एक जुना संग्रह-फोल्डर या तिन्हींत नव्या बाजूला मेल कमी भरतात. ते हरवले असतील का?

टपालवाट

हे तीन फोल्डर पाहता दोन कारणे संभवतात, आणि दोन्ही आयमॅपसिंकच्या अहवालात तपासता येतात.

आयमॅपसिंक मेल ओळखतो तो त्याच्या हेडरमधल्या 'मेसेज-आयडी' आणि 'रिसीव्हड' या ओळींवरून. बाहेरून आलेल्या मेलमध्ये त्या असतातच. मात्र अर्धवट मसुद्यात किंवा जुन्या क्लायंटने ठेवलेल्या पाठवलेल्या मेलच्या प्रतीत दोन्ही नसू शकतात, कारण ती प्रत कोणत्याच सर्व्हरच्या हातून गेलेली नसते. असे मेल ओळख पटत नाही म्हणून मागे ठेवले जातात आणि अहवालात तशी नोंद होते. त्यांच्यासाठी 'ॲडहेडर' हा पर्याय देऊन केवळ ते दोन फोल्डर पुन्हा चालवा. नव्या प्रतीत ओळखीपुरती एक ओळ जोडून ते मेल नेले जातील.

संग्रह-फोल्डरमध्ये बहुधा दुहेरी मेल असतील. एकाच फोल्डरमध्ये एकाच मेलच्या दोन प्रती असतील तर हा प्रोग्राम एकच नेतो. अहवालात दुहेरी म्हणून वगळलेल्यांची संख्या दिलेली असते. ती आणि आपल्याला दिसणारी तूट सारखी भरली तर काहीही हरवलेले नाही. ती जुळत नसेल तर अतिमोठ्या मेलकडे पाहा. जोडलेली फाइल मेलमध्ये मजकुराच्या रूपात बसवताना तिचा आकार एक-तृतीयांशाहून थोडा अधिक वाढतो, म्हणून १८ एमबीची हस्तलिखित-फाइल जोडलेला मेल २५ एमबीच्या घरात जातो आणि नव्या सर्व्हरची मर्यादा तेवढीच असेल तर तो नाकारला जातो. मर्यादा तात्पुरती वाढवा आणि तो फोल्डर पुन्हा चालवा.

एवढे झाल्यावरही जुने खाते लगेच बंद करू नका. मेल आपोआप योग्य फोल्डरमध्ये टाकणारे नियम, संपर्कांची यादी आणि दिनदर्शिका यांतले काहीच आयमॅपमधून येत नाही. संपर्क व्हीकार्डच्या आणि दिनदर्शिका आयसीएसच्या फाइलमध्ये उतरवून घ्या, आणि नियम एकेक पाहून नव्या सर्व्हरवर पुन्हा लिहा. गटातले कोणी कूटबद्ध (एन्क्रिप्ट) केलेले मेल वापरत असतील, तर त्यांची खासगी किल्ली जुन्या संगणकावरून आधी काढून घ्या. ती नसेल तर ते मेल नव्या सर्व्हरवर सुखरूप पोहोचूनही उघडणार नाहीत.